पीएचडीनंतर लगेच दुसऱ्या विषयाच्या लोकांबरोबर काम घ्यावं का?

प्रवाही

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी पीएचडी द्रवगतिकीतली, म्हणजे हवा-पाणी कसं वाहतं त्याचं गणित आणि त्याची सिम्युलेशन्स. सध्या तीन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम) करतेय, पहिलं वर्ष संपत आलं. दोन महिन्यांपूर्वी आमच्या सेमिनारला एका हॉस्पिटलच्या संसर्गरोग विभागातल्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. सेमिनार झाल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एका कागदावर वॉर्डाचा नकाशा काढून दाखवला, बेड कुठे, खिडक्या कुठे, एसीचं तोंड कुठे, आणि म्हणाल्या की कुठल्या बेडवरच्या पेशंटला कधी संसर्ग झाला याच्या सहा वर्षांच्या नोंदी माझ्याकडे आहेत पण हवा कुठून येते नि कुठे साचते याची एक ओळसुद्धा नाही, तुला ते काढता येईल का. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे. कोपऱ्यातल्या दोन बेडांना त्यांनी गोल केलेत, तिथे पुन्हा पुन्हा संसर्ग होतो म्हणून.

मला हे काम मनापासून करायचंय. कोव्हिडच्या काळात वैद्यकातले लोक म्हणत होते की ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब लगेच खाली पडतो, आणि आमच्याकडे हवेतल्या कणांवर काम करणारे सांगत होते की त्याच्या कितीतरी पट मोठे कणही तरंगत राहतात. विल्यम वेल्स या हवेतल्या संसर्गाच्या अभ्यासकाने तर १९३४ सालीच थेंब पडणं आणि थेंब सुकणं यांची शर्यत मांडून दाखवली होती आणि त्यात सीमा साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास येते. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्याने पत्र निघालं की हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या. हे सगळं मी पीएचडी करताना वाचत होते आणि सारखं वाटायचं की ही दोन माणसं एका खोलीत आधी का बसली नाहीत.

पण आता प्रत्यक्ष वेळ आली तर पाय मागे ओढतोय. माझे सर अडवत नाहीत पण स्पष्ट म्हणाले की आधी आपल्या विषयात नाव कर मग काय ते कर, नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. पीएचडीतले दोन पेपर अजून लिहायचे बाकी आहेत. माझ्या एका मैत्रिणीने रसायनशास्त्र आणि पुरातत्त्व यांच्या मधलं काम केलं, उत्तम काम, आणि इंटरव्ह्यूत तिला दोन्हीकडे एकच विचारलं की तुम्ही आमच्या मुलांना शिकवणार काय. तिला अजून कायमची जागा नाहीये.

तर कुणी या वाटेने गेलंय का, आणि माझ्यासारख्या कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने हे आत्ता घ्यावं की थांबावं?

---

शब्दवेल्हाळ

धागा वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. मी मूळची भाषाशास्त्राची, गेली आठ वर्षं संगणकवाल्यांबरोबर आहे, तेव्हा जे प्रत्यक्ष घडलं ते सांगते.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर शब्दांत. आणि अनोळखी शब्दांत नाही गं, ओळखीच्या शब्दांत. अनोळखी शब्द आला की माणूस विचारतो, ओळखीचा शब्द आला की मान डोलावतो. "मॉडेल" म्हटलं की तुझ्या डोळ्यापुढे समीकरणं येतात, जीवशास्त्राच्या माणसापुढे उंदीर येतो आणि संख्याशास्त्रवाल्यापुढे रिग्रेशन. "बायस" म्हणजे समाजशास्त्रात पूर्वग्रह, संख्याशास्त्रात अंदाज सतत एकाच बाजूला चुकणं आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये चक्क एक व्होल्टेज. आमच्या प्रोजेक्टात "वाक्य" या शब्दावर तीन महिने गेले, माझ्यासाठी वाक्य म्हणजे रचना आणि त्यांच्यासाठी दोन पूर्णविरामांच्या मधलं जे काही असेल ते. सगळ्या मीटिंगा छान झाल्या, सगळे खुश, आणि तीन महिन्यांनी डेटा उघडला तेव्हा कळलं की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो. त्या दिवशी मी एक वही घातली, तीन रकाने, शब्द, आपण काय म्हणतो, ते काय म्हणतात. ती वही अजून चालू आहे आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देते.

तू ५ मायक्रॉनचं लिहिलंस ना, त्यातही बराचसा गोंधळ शब्दाचाच होता. क्षयरोगात ५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर पोचतात, तो आकडा "खोलवर पोचण्याचा" होता, तो हळूहळू "हवेत तरंगण्याचा" आकडा म्हणून वापरात गेला आणि पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये निरनिराळ्या विषयांच्या लोकांना घेऊन नवीन शब्दावली काढली, त्यात थेंब आणि एरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) हा आकारावरचा भेदच बाजूला ठेवून सगळ्यांना मिळून संसर्गजन्य श्वसनकण असं नाव दिलं. एक शब्द सर्वांना मान्य व्हायला महामारी उलटून गेली, यावरून हे काम किती अवघड आहे ते बघ, आणि किती गरजेचं आहे तेही.

तेव्हा माझं म्हणणं, काम घे, पण आधी तिथे जाऊन बस. कोड नको, मीटिंग नको, नुसती वॉर्डात बस. दार किती वेळा उघडतं, पडदे कधी ओढतात, रात्री एसी कोण बंद करतं. हे तुला कुठल्याही पेपरात सापडणार नाही आणि तुझ्या सिम्युलेशनच्या सीमा-अटी (हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते ते) नेमक्या तिथेच आहेत.

---

जुना_परीक्षक

मी थोडं कडू बोलणार आहे. माझी बरीच वर्षं निवड समित्यांवर आणि प्रपोजलं तपासण्यात गेली आहेत, तुमच्या सरांचं म्हणणं हलक्यात घेऊ नका.

ऑस्ट्रेलियात २०१६ साली एक अभ्यास झाला, नेचरमध्ये आला होता, त्यांच्या संशोधन परिषदेच्या एका योजनेतले पाच वर्षांचे १८,४७६ अर्ज घेतले आणि प्रत्येक अर्जात कुठकुठले विषय आहेत आणि ते एकमेकांपासून किती लांबचे आहेत ते मोजलं. मोजायची पद्धतही त्यांनी उत्क्रांतीशास्त्रातून उचलली होती, प्रजातींमधलं अंतर वंशवृक्षावर मोजतात तसंच विषयांमधलं. निष्कर्ष असा की विषय जितके लांबचे तितकी ग्रँट मिळायची शक्यता कमी. एका वर्षापुरतं नाही, सगळ्या वर्षांत सातत्याने.

दुसरा अभ्यास २०१७ चा, लीही, बेकमन आणि स्टँको यांचा. जवळजवळ ९०० शास्त्रज्ञ आणि त्यांचे ३२,००० पेपर. त्यात असं दिसलं की विषय ओलांडून काम करणाऱ्यांच्या पेपरांना उल्लेख (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात दिलेले दाखले) जास्त मिळतात पण पेपरांची संख्या कमी होते. आता हे तुमच्या कॉन्ट्रॅक्टवर लावून बघा. पेपर कमी होणार ते पहिल्या दोन वर्षांत, उल्लेख येणार ते चार-पाच वर्षांनी, आणि तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपणार दोन वर्षांत. फायदा आणि तोटा दोन्ही खरे आहेत पण तोटा आधी येतो, आणि ज्याला कायमची जागा आहे त्याला मधली वर्षं काढता येतात, तुम्हाला नाही. नवख्या माणसाची खरी अडचण ही आहे, हुशारीचा वगैरे प्रश्नच नाही.

आणि समितीत काय होतं तेही सांगतो. पाच माणसं बसलेली असतात, प्रत्येकाला आपल्या विषयाच्या उमेदवाराचं मोल कळतं. तुमच्या फाइलवर येतात तेव्हा हवेचा माणूस म्हणतो गणित साधंच आहे, वैद्यकाचा म्हणतो पेशंट थोडे आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. दोन्ही मिळून जे नवीन आहे ते सांगणारं तिथे कुणी नसतं. मी स्वतः अशा चांगल्या फायली बाजूला पडताना पाहिल्यात आणि एकदोन वेळा गप्प बसलो त्याची मला आजही टोचणी आहे.

म्हणून हे काम करू नका असं म्हणणार नाही, पण ते दोन पेपर आधी पाठवा. नुसते "चालू आहेत" नकोत, जर्नलकडे गेलेले हवेत.

---

तळटीप

परीक्षक सरांशी आकड्यांवर वाद नाही, पण "आधी नाव कर, मग ये" या सल्ल्यामुळे काय निसटू शकतं त्याची एक गोष्ट सांगतो, खरी आहे.

१९५६ साली केपटाऊनमधल्या एका हॉस्पिटलला किरणोत्सारी पदार्थांवर देखरेख करायला भौतिकशास्त्रज्ञ हवा होता, कायद्याने लागायचा. ॲलन कॉर्मॅक तिथल्या विद्यापीठात शिकवायचे, ते काही दिवस अर्धवेळ जायला लागले. तिथे त्यांनी पाहिलं की रेडिएशनचे डोस ठरवताना शरीर आतून सगळीकडे सारखंच आहे असं धरतात, हाड काय नि फुप्फुस काय. त्यांना वाटलं बाहेरून वेगवेगळ्या दिशांनी मोजून आत कुठे काय आहे हे गणिताने काढता आलं पाहिजे. काढलं. १९६३ आणि १९६४ साली दोन पेपर छापले, फिजिक्सच्या जर्नलमध्ये. प्रतिसाद जवळपास शून्य. त्यांनी पुढे नोबेलच्या भाषणात सांगितलंय की पेपरची प्रत मागणाऱ्यांत सर्वात लक्षात राहण्याजोगं पत्र स्वित्झर्लंडच्या हिमस्खलनावर काम करणाऱ्या केंद्राचं होतं. डॉक्टर ते जर्नल वाचत नव्हते. गंमत पुढेच आहे, ज्या गणितावर ते झगडले ते योहान रॅडॉनने १९१७ सालीच सोडवून ठेवलं होतं आणि कॉर्मॅकना ते खूप वर्षांनी कळलं. इकडे गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने आपल्या वाटेने यंत्र बनवलं, १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला, आणि १९७९ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं, एक भौतिकशास्त्रज्ञ आणि एक इंजिनिअर.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे कॉर्मॅकना तो प्रश्न लायब्ररीत सुचला नसता, हॉस्पिटलात उभं राहिल्यावर सुचला, आणि प्रवाही ताई, तुमच्याकडे तो कागद आहे. दुसरी म्हणजे कुठे छापता यावर सगळं अवलंबून आहे. ज्यांना उत्तर हवंय ते जिथे वाचतात तिथे ते गेलंच पाहिजे.

अजून एक, उझी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १ कोटी ७९ लाख पेपर तपासले होते. सर्वात जास्त प्रभाव पाडणारे पेपर नव्वद टक्के जुन्या वळणाचेच होते म्हणा ना (टक्के मी बोलण्याच्या भाषेत म्हणतोय), संदर्भ बहुतेक नेहमीचेच, पण त्यात एखादी अनपेक्षित जोडी घुसलेली. म्हणजे आपला विषय सोडून द्यायचा नाही, त्यात बाहेरची एक गोष्ट आणायची. तुमचं काम तर नेमकं तसंच दिसतंय, गणित ओळखीचं, नोंदी वॉर्डाच्या.

---

प्रवाही

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शब्दवेल्हाळ ताई, वहीची कल्पना आजच उचलली, पहिला शब्द "एक्स्पोजर", माझ्यासाठी ते कणांची संख्या गुणिले वेळ आणि मॅडमसाठी "त्या पेशंटच्या शेजारी होता की नव्हता".

परीक्षक सर, तुमचं वाचून भीती वाटली पण बरंही वाटलं, कारण आतापर्यंत मला कुणी "तोटा आधी येतो" असं सरळ सांगितलं नव्हतं, सगळे एकतर फार छान म्हणतात किंवा नको म्हणतात.

आता दोन शंका. पेपरवर नावं कशी लावायची हे आत्ताच विचारलं तर मॅडमना वाईट वाटेल का? आणि मला नक्की किती वैद्यक शिकावं लागेल?

---

मधलं_नाव

पहिल्या शंकेवर मी लिहितो कारण मी ते विचारलं नव्हतं.

मी प्रोग्रामिंगवाला, एका मोठ्या आरोग्यविषयक प्रोजेक्टात चार वर्षं होतो. सगळं विश्लेषण माझं, सगळे आलेख माझे, रात्री दोनला सर्व्हर पडला तर उठवायचे मला. अकरा पेपर झाले. अकराही पेपरांत माझं नाव मध्ये कुठेतरी, सहावं, आठवं. मला वाटायचं काम बोलेल. मग आपल्या विषयात नोकरीला अर्ज केले तर विचारलं तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण प्रश्न नेहमी दुसऱ्यांचा होता आणि मी तो सोडवून देत होतो. कुणी मला फसवलं नाही, सगळी माणसं चांगली होती, अजून बोलतो आम्ही. पण मी संशोधनातून बाहेर पडलो आणि ते मला अजूनही लागतं.

म्हणून ताई, वाईट वाटेल का याचा विचार करू नका, आज विचारा. आणि स्वतःलाही एक विचारा की या प्रोजेक्टात द्रवगतिकीचा असा कुठला प्रश्न आहे जो तुमच्या विषयाच्या माणसालाही नवा वाटेल. तो नसेल तर तुम्ही सेवा देताय, संशोधन त्यांचं चाललंय. असेल तर तो लिहून काढा आणि त्याचा पेपर तुमचा.

---

नमुना_आकार

+१ मधलं_नाव. वाचून खरंच वाईट वाटलं. मी संख्याशास्त्राची, म्हणजे आम्ही जन्मभर दुसऱ्यांच्याच घरी असतो, त्यामुळे नावांच्या भानगडी भरपूर पाहिल्यात.

प्रत्येक विषयाची रीत वेगळी आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच रीत जगाची रीत आहे. गणितात नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने, अर्थशास्त्रातही पुष्कळदा तसंच. वैद्यकात पहिलं नाव ज्याने जास्त काम केलं त्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं. मोठ्या कण-भौतिकीच्या प्रयोगांत तर २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानाच्या पेपरवर ५,००० हून जास्त नावं होती. म्हणजे एकाच पेपरवरचं तिसरं नाव एका समितीला सन्मानाचं वाटेल आणि दुसरीला किरकोळ. त्यामुळे तुमच्या दोघींच्या डोक्यात काय आहे ते कागदावर आणा. वैद्यकीय जर्नलांचे लेखकपणाचे चार निकष आहेत, कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा तपासणं, शेवटच्या मसुद्याला संमती, आणि जबाबदारी घेणं, चारही लागतात. शिवाय बरीच जर्नलं आता कुणी काय केलं ते १४ भूमिकांच्या यादीतून लिहायला लावतात, सॉफ्टवेअर कुणाचं, डेटा कुणी सांभाळला, कल्पना कुणाची. ती यादी घेऊन मॅडमबरोबर अर्धा तास बसलात तर विषय आपोआप निघतो, अवघडलेपण येत नाही. डॉक्टर लोकांना याची सवय असते, उलट तुम्ही विचारलंत तर त्यांना हायसं वाटेल.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, सहा वर्षांच्या नोंदी म्हणजे खूप वाटतात पण तुमचं बळ नोंदींच्या संख्येवर नाही, संसर्ग किती झाले त्यावर आहे. समजा त्या वॉर्डात हजारो पेशंट येऊन गेले आणि संसर्ग पंचवीस, तर तुमच्या हातात पंचवीसच आहेत, आणि त्यात बेड, ऋतू, आजार, वय एवढं सगळं बसवायचं तर काहीही सिद्ध करता येईल. त्या दोन गोल केलेल्या बेडांबद्दल मला पहिली शंका ही येते की तिथे जास्त आजारी पेशंट ठेवतात का, नर्सच्या टेबलाजवळ असतील तर शक्य आहे. मग तो संसर्ग हवेमुळे नसून आजारपणामुळे असेल. हे पहिल्याच भेटीत विचारा.

पुराव्याची पट्टीही वेगळी असते. कण-भौतिकीत शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसायची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. वैद्यकात वर्षानुवर्षं वीसात एकवर भागवलंय. तुम्हाला त्यांचा पुरावा ढिला वाटेल आणि त्यांना तुमचं सिम्युलेशन हवेतलं वाटेल, अशा वेळी ही माणसं शास्त्रीय नाहीत असं मनात येतं, ते येऊ देऊ नका. माणसांवर पाच सिग्मा मिळवायचे तर किती माणसं आजारी पडावी लागतील याचा विचार केला की त्यांची पट्टी का तशी आहे ते कळतं.

आणि एथिक्स कमिटीची परवानगी. फिजिक्सवाल्यांना याची कल्पनाच नसते. पेशंटच्या जुन्या नोंदी वापरायच्या तरी अर्ज लागतो, त्याला महिने जातात, ते तुमच्या दोन वर्षांतून वजा होतात. आजच विचारा की परवानगी आधीची आहे का आणि त्यात तुमचं नाव घालता येईल का.

---

शब्दवेल्हाळ

किती वैद्यक शिकायचं याचं माझं उत्तर, त्यांच्या सभेत बसून कुठला प्रश्न सोपा आणि कुठला अवघड हे ओळखता येईल एवढं. त्यांचं काम करता येण्याएवढं नको, ते कधीच जमणार नाही आणि त्यासाठी तर त्या आहेत. मी संगणकवाल्यांचं सगळं शिकायला गेले होते आणि एक वर्ष घालवलं, मी वाईट प्रोग्रामर झाले आणि त्या वर्षात भाषाशास्त्र वाचलंच नाही. त्यांना माझ्याकडून भाषाशास्त्रच हवं होतं. तुझं स्वतःचं वाचन तुटू देऊ नकोस, तेच तुझं भांडवल आहे.

---

जुना_परीक्षक

तळटीप यांच्या गोष्टीने मलाही विचार करायला लावलं. एक व्यावहारिक भर घालतो.

प्रपोजल लिहाल तेव्हा "दोन विषयांचा संगम" हे शब्द पहिल्या पानावर नकोत. प्रश्न लिहा. "या वॉर्डात हवेच्या मार्गावरून संसर्गाची जागा आधी सांगता येते का?" हे वाचून दोन्हीकडचा परीक्षक थांबतो. मग मोठ्या अक्षरात सांगा की तुम्ही कोण, द्रवगतिकीच्या, संकोच न करता. समितीला घर कळलं की पाहुणचाराची भीती वाटत नाही. तुमच्या मैत्रिणीला विचारलेला प्रश्न कठोर होता पण खरा होता, शिकवायला कुणाला घेणार हे डिपार्टमेंटला ठरवावंच लागतं. तुम्ही आत्ताच एखादा मूळ विषय शिकवत राहा, द्रवगतिकीचा पहिला कोर्स असला तरी चालेल, म्हणजे फाइलवर ते उत्तर आधीच असेल.

आणि सगळीच दारं बंद नाहीत. ह्यूमन फ्रंटिअर सायन्स प्रोग्रॅम १९८९ पासून आहे, त्यांची एक फेलोशिप खास फिजिक्स, गणित, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून जीवशास्त्राकडे येणाऱ्यांसाठीच आहे, मात्र त्यात दुसऱ्या देशात जावं लागतं आणि प्रश्न जीवशास्त्रातला मूलभूत हवा, तुमचा वॉर्ड तसाच्या तसा त्यात बसणार नाही. पण अशा योजना हुडका जिथे परीक्षकच मिश्र बसवतात, कारण ऑस्ट्रेलियाच्या आकड्यांत जे दिसलं ते नेहमीच्या योजनेतलं होतं. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर सही केलेल्या संस्था निदान कागदावर तरी म्हणतात की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती उल्लेख मिळतात त्या आकड्यावरून) माणूस जोखू नका, तिथे अर्ज करताना त्याचा आधार घेऊन आपलं काम शब्दांत समजावून सांगायला जागा मिळते, ती वापरा.

आणि एक विनंती. दोन वर्षांनी तुम्ही कुठल्या समितीसमोर बसाल तेव्हा शिफारसपत्र दोघांचं न्या, तुमच्या सरांचं आणि त्या डॉक्टर मॅडमचं. मॅडमना सांगा, "छान मुलगी आहे" असं लिहू नका, "हिच्याशिवाय आम्हाला अमुक कळलं नसतं" असं लिहा. वर मी म्हटलं ना की नवीन काय आहे ते सांगणारं खोलीत कुणी नसतं, ते पत्र ती उणीव भरून काढतं.

---

तळटीप

सर, शेवटचा परिच्छेद सेव्ह करून ठेवला. माझ्या वरच्या प्रतिसादात मी नव्वद टक्के लिहिलं ते नको होतं, त्या अभ्यासात तसा आकडा नाही, "बहुतेक" एवढंच धरा.

---

प्रवाही

मंडळी, चार दिवसांनी लिहितेय, कारण मध्ये बरंच झालं.

काल मॅडमना भेटले. १४ भूमिकांची यादी घेऊन गेले होते, हात थरथरत होते खरं सांगायचं तर, पण त्या यादी बघून म्हणाल्या बरं झालं आणलंस, मागच्या वेळी याच्यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं. ठरलं असं की हवेच्या प्रवाहाचा पेपर माझा, पहिलं नाव माझं, माझ्या विषयाच्या जर्नलमध्ये, आणि संसर्गाच्या नोंदींचा पेपर त्यांचा, तो डॉक्टर वाचतात तिथे, त्यात मी दुसरी. मधलं_नाव दादा, तुमचा प्रश्न मी घरी लिहून काढला होता, माझ्या विषयाला नवं काय, तर बेडभोवतीचा ओढलेला पडदा. पडद्याच्या खाली आणि वर फट असते आणि आत माणसाच्या अंगाची ऊब, त्यामुळे हवा आत कशी फिरते यावर मला मनाजोगतं काही सापडलं नाहीये. तो माझा प्रश्न.

नमुना_आकार ताई, तुमची शंका खरी निघाली. ते दोन बेड नर्सच्या टेबलासमोरच आहेत आणि जास्त आजारी पेशंट तिथेच ठेवतात. मॅडमच्या चेहऱ्यावरून कळलं की हे त्यांना माहीत होतं पण नोंदीत कुठेच नाहीये. संसर्ग एकूण एकतीस. आजार किती गंभीर होता ते जुन्या केसपेपरांतून काढावं लागेल, त्याची परवानगी वेगळी, अर्ज त्या करतायत.

सरांशीही बोलले. ते म्हणाले पहिला पेपर पंधरा दिवसांत पाठव, दुसऱ्याचा मसुदा महिन्यात दे, मग आठवड्याचे दोन दिवस तिकडे जा, मला चालेल. तर सध्या पहिल्या पेपरचे आलेख परत काढत बसलेय. पुढच्या सोमवारी सकाळी सात ते दुपारी दोन वॉर्डात नुसतं बसायचंय, वही आणि घड्याळ घेऊन, दार किती वेळा उघडतं ते मोजायला. रात्रीचा एसी कोण बंद करतं ते अजून कुणालाच माहीत नाही, मॅडमनाही नाही.